साळुंख्यांचा श्वास

जयपूरला उतरले तेव्हा तोंडात धुळीची चव होती, पण मी खुशीत होते. इथल्या लोको शेडमधल्या (रेल्वेची इंजिनं दुरुस्तीला येतात ती जागा) कामगारांचा श्वास आम्ही काही वर्षांच्या अंतराने मोजत आलोय. नळीत जोरात फुंकायचं, जोर यंत्र सांगतं. तपासणी डॉक्टरांची, आकडेमोड माझी.

या खेपेला सरासरी चक्क वाढली! काहीजण गैरहजर होते. "बदली झाली असेल हो, रेल्वेवाल्यांचं काय!" डॉक्टर म्हणाले आणि आम्ही त्यांना गाळलं. कोळशाचा धूर बाधत नाही तर, या आनंदात राजा पार्क भागातल्या बाजारात जाऊन गरम कचोरी हाणली. जीभ चांगलीच पोळली.

साळुंखेही तपासणीला दिसले नव्हते; रजेवर असतील म्हणून संध्याकाळी त्यांच्या क्वार्टरवर गेले. भुसावळचा माणूस; आमच्या तपासणीतला, दर खेपेला मला जेवू घातल्याशिवाय सोडायचा नाही. दार वहिनींनी उघडलं. कपाळ मोकळं. अहो, मला कुणी सांगितलंच नव्हतं!

तरी त्यांनी बसवून घेतलं, गट्टे (बेसनाच्या वड्यांचा रस्सा) वाढले. मुलगा रवी जयपुरातच वाढलेला. म्हणाला, "ताई, पप्पांच्या जागेवर मला शेडमध्ये नोकरी मिळतेय. मतलब, उद्या सही करायची."

"तुम्ही छात्या तपासता," वहिनी म्हणाल्या. "पाठवू का ह्याला?"

"खुशाल पाठवा. सगळ्यांचा श्वास सुधारलाय."

"सगळ्यांचा? मग ह्यांचा धरला का? तुमच्या तपासणीतले शेजारचे दोघं पण खोकून खोकून गेले."

गेल्या खेपेला सर्वांत कमी फुंकणारे हेच तिघे! कमजोर होते ते गेले, धट्टेकट्टे उरले. सरासरी वाढेल नाही तर काय! स्वतःचा असा राग आला म्हणून सांगू.

"नका पाठवू, वहिनी."

"मग क्वार्टर सोडावं लागेल. जायचं कुठे?"

मी मान खाली घालून जेवले.

परतीच्या गाडीवर रवी डबा घेऊन आला. नखांत कोळसा. "मम्मीने सांगितलंय, ताई, मला काही झालं तर गाळू नका."

पुण्यात येऊन गेलेल्यांना धरून सगळी मांडणी नव्याने केली. कोण कधी गेलं, शेवटी मोजलेला श्वास किती होता, सगळं. धूर बाधतो, अगदी स्वच्छ दिसतं. अहवालात तसंच लिहिलं. पण रवीच्या सहीच्या आधी ते हातात असतं तर, ही हळहळ काही जात नाही.

वहिनींचा डबा घासून ओट्यावर ठेवलाय. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. पुढच्या तपासणीला जाईन तेव्हा त्यात काय भरून नेऊ?