सखूबाईला वाचून दाखवलेलं पत्रक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. चळवळीतल्या मित्रांना नाही, आईलाही नाही. आणि तुम्हाला सांगतोय म्हणून लगेच चेहरा मऊ करून ऐकू नका — मला ते नकोय.

पोलिसांचा मला राग आहे. आजही आहे. आमच्या घरी पत्रकांचे गठ्ठे असत, अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. त्यामुळे पंचवटीत कुणी निवृत्त हवालदार खचलेल्या माणसांना जवळ बसवून त्यांचं ऐकून घेतो, हे कळलं तेव्हा डोकंच फिरलं. तीस वर्षं काठी चालवायची आणि पेन्शन लागली की लोकांचे डोळे पुसायचे?

मी गेलो — खोट काढायलाच. म्हातारा ओट्यावर बसलेला, पुढ्यात मेथीचा ढीग. येईल त्याच्यासमोर एक जुडी ठेवायचा, निवडायला. ठाण्यात जबाब घेताना त्याला हे कळलं होतं म्हणे : डोळ्यांत बघून विचारलं की माणूस मिटतो, हात कामात असले की आपणहून बोलतो. मला किळस आली. ते खरंच लागू पडत होतं, याची जास्त.

तिथे सखूबाई यायची. मूळची पेठ तालुक्यातल्या पाड्यावरची, मखमलाबादला फुलांच्या मळ्यात मजुरीला. तिचा भाऊ कोठडीत मेला होता. खाकी कपडा दिसला की ती रस्ता सोडायची — आणि या माणसासमोर मेथी निवडत बोलायची. त्याला ती दादा म्हणायची. एकदा मला म्हणाली, "भाऊ, तू लय बोलतोस. दादा कायच बोलत नाय, म्हणून बरं वाटतं." आणि हसली.

मी नाही हसलो. तिचं दुःख आमच्या बाजूचं होतं ना? मग ते त्याच्या ओट्यावर काय करत होतं?

मी चौकशी केली. तिचा भाऊ मेला तेव्हा हवालदाराची नेमणूक दुसऱ्याच तालुक्यात होती. त्या कोठडीशी त्याचा संबंध नव्हता. हे मला माहीत होतं — नीट ऐका, माहीत होतं. तरी त्याच्याविरुद्ध काढलेल्या पत्रकात मी छापलं, की तिचा भाऊ मेला त्या रात्री कोठडीच्या दारावर पहारा त्याचाच होता.

सखूबाईला वाचता येत नव्हतं. मळ्याच्या बांधावर मी पत्रकं वाटत होतो; तिने आपलं पत्रक माझ्याच हातात दिलं. "काय लिवलंय? वाच."

ती एक ओळ गाळली असती तर कुणाला कळलं असतं? मी वाचली. सभेत वाचतात तशी, आवाज चढवून.

"दादा व्हता तिथं?"

"होता."

"तसं छापलंय?"

मी ओळीवर बोट ठेवून दाखवलं. ती त्या बोटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "समदं सांगून बसले मी त्याला."

ओट्यावर ती पुन्हा गेली नाही. महिन्याभरात मळाही सोडला. पाड्यावर कुणाशीच बोलत नाही, दार लावून बसते, असं तिच्याबरोबरच्या बायका सांगत होत्या.

हवालदार एकदा माझ्या दारात आला. "माझ्याविषयी काय लिहायचं ते लिही," म्हणाला, "तिला तेवढं खरं सांगून ये. तुझंच ऐकेल ती."

"आता खरं-खोटं पोलिसांकडून शिकायचं का आम्ही?" मी म्हणालो. शेजारचे दोघे-तिघे हसले. मला बरं वाटलं.

याला आठ वर्षं झाली. तिचा पाडा मला ठाऊक आहे, फाट्यापर्यंत एसटी जाते. मी गेलेलो नाही.