राज्याच्या खात्यावर पाच डॉलर

आमच्या ब्रॅडक गावात नळाचं पाणी तोडायचं काम माझं, आणि कोणाचं तोडायचं ते सांगायचं काम डोरीन हॅकलरचं. अठ्ठावीस वर्षं गावाने दोघांना शिव्या मात्र सारख्या वाटून दिल्या. मला त्याचं काही नाही, मी मुळातच चिडका माणूस. डोरीन चिडकी नव्हती. ती नियमाची होती, आणि ते जास्त वाईट.

बिल नव्वद दिवस थकलं की दारावर लाल चिठ्ठी. त्यानंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी दुपारचा भोंगा वाजला की नळ बंद. अग्निशामक केंद्रावरचा हा भोंगा रोज बाराला वाजतो आणि गाव जेवायला बसतं. शुक्रवारी काही घरांत मात्र घास घशाखाली उतरत नसे. डोरीनने स्वतःच्या आईच्या दारावरही चिठ्ठी लावली होती. म्हातारी पुढे मरेपर्यंत तिला ‘नगरपालिका’ म्हणूनच हाक मारायची.

या नियमाला एक पळवाट होती. भोंग्याच्या आत खात्यावर निदान पाच डॉलर जमा झाले, तर तीस दिवसांची मुदत मिळे. गावसभेचा तो जुना ठराव ऑफिसच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत होता, पण त्याच्यावर मक्याचं बियाणं विकणाऱ्यांचं कॅलेंडर लटकलेलं. कोणी विचारलं तर डोरीन खोटं बोलत नसे. आपणहून सांगतही नसे. शिवाय तिने स्वतःची एक अट घातली होती: पैसे ज्याचं खातं त्यानेच आणायचे. ही अट ठरावात नव्हती. पण डोरीनने इतकी वर्षं पाळली म्हणून ती आहे असंच सगळे धरून चालले, मीसुद्धा.

त्या अटीने ऑपल स्टिगॉलचं घर बुडवलं. ऑपलमावशी म्हणजे शाळेची बस चालवणारी विधवा; अर्ध्या गावाला तिनेच शाळेत नेऊन सोडलं आहे. बारा वर्षांपूर्वीच्या जानेवारीत ती कंबर मोडून दवाखान्यात पडली होती. शेजारची मेबल साडेअकराला पाच डॉलर घेऊन आली. डोरीन म्हणाली, “खातेदार कुठे आहे?” मेबल म्हणाली, “पलंगावर, प्लास्टरमध्ये.” डोरीनने पैसे परत केले. भोंगा वाजला आणि मी चावी फिरवली. आमच्याकडे थंडीत नळ ठिबकता ठेवतात, म्हणजे पाइप गोठत नाहीत. बंद नळातलं पाणी गोठलं, पाइप तडकले, आणि पुन्हा पाणी सोडलं तेव्हा स्वयंपाकघराची फरशी वर आली. मावशी कुबडी घेऊन ऑफिसात आली, कुबडीच्या टोकाने कॅलेंडर उचललं आणि ठराव पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. तेव्हापासून पैशांची ओढाताण झाली की ती शुक्रवारी बाराला दहा कमी असताना येई, पाच डॉलर ठेवी, पावती घेई. डोरीनशी एक शब्द बोलत नसे.

आता राज्याचं. नाव घेत नाही. बुडत्याला हाक मारून आणखी खाली कशाला ढकला? वीस वर्षं त्यांनी नोकरांच्या पेन्शनचे पैसे बाजूला ठेवायचे सोडून दुसरीकडे उडवले, जुनं कर्ज फेडायला नवं काढलं. मग गव्हर्नर आणि सभागृह यांचं फाटलं आणि दोन वर्षं बजेटच मंजूर झालं नाही. बडा घर पोकळ वासा. हमरस्ता अर्धा खणून कामगार निघून गेले, दातांच्या डॉक्टरने राज्याचं विम्याचं कार्ड घ्यायचं बंद केलं. आम्ही हसलो. राजधानी लांब, आपल्याला काय त्याचं?

पण गावाबाहेर मक्याच्या शेतापलीकडे राज्याचा तुरुंग आहे. दीड हजार कैदी, आणि त्यांच्यावर पहारा करायला आमच्याच गावातली पोरंपोरी. तुरुंगाचं पाणी आमच्या टाकीवरून जातं. त्यांची स्वतःची टाकी गळकी; दुरुस्तीचा कागद राजधानीत कुठेतरी पडून. आमच्या पाण्याच्या उत्पन्नातलं निम्मं तिथून यायचं. एकोणीस महिने एक डॉलर आला नाही. जूनमध्ये वीज कंपनीने गावालाच नोटीस धाडली: पंपाचं बिल भरा, नाहीतर वीज तोडू. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

गावसभेत नगराध्यक्ष क्लेटन फुल्क टेबलावर मूठ आपटून म्हणाले, “लावा चिठ्ठी! राज्य असेल आपल्या घरी. आम्हाला ते गिऱ्हाईक.” क्लेटनचं टायरचं दुकान आहे आणि बोलणंही तसंच, हवा भरलेलं.

डोरीन म्हणाली, “क्लेटन, चिठ्ठी लावली की तारीख येते.”

“येऊ दे की! घाबरतील आणि पैसे पाठवतील.”

“आणि नाही घाबरले तर?”

“घाबरतील गं. तू नुसती लाव.”

डोरीनने स्वतः जाऊन तुरुंगाच्या फाटकावर लाल चिठ्ठी लावली. पहारेकरी हसला म्हणे. तिची एकुलती एक मुलगी रेनी तिथेच पहाऱ्यावर. त्या रात्री रेनी हसली नाही.

“आई, आत सगळ्यांना कळलंय. कचऱ्याचे डबे धुऊन पाणी भरून ठेवतायत. पाणी तुटून संडास बंद पडले, प्यायला थेंब नसला, आणि वर हे ऊन असलं तर? दीड हजार माणसं आहेत गं. आम्ही सकाळच्या पाळीला साठ.”

“शुक्रवारी रजा टाक.”

“सगळ्यांनीच टाकलीय. एकालाही मिळाली नाही.”

हे डोरीनने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, स्टेपलरमध्ये पिना भरता भरता, आणि पिना सगळ्या टेबलावर सांडल्या. माझीही पाचावर धारण बसली होती, कारण चावी मी फिरवणार होतो.

बुधवारी तिने राजधानीतल्या खजिन्याच्या ऑफिसला फोन लावला. पाऊण तास गाणं ऐकवून झाल्यावर एक मुलगी बोलली. डोरीनने मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

“मला सगळे नकोत,” डोरीन म्हणाली. “पाच डॉलर पाठवा.”

“पाच हजार?”

“पाच. एक, दोन, तीन, चार, पाच.”

मग ती मुलगी हळू आवाजात म्हणाली, “बाई, बजेट मंजूर नाही. मला पाच डॉलरचाही चेक काढता येत नाही. या महिन्यात आमच्या ऑफिसात कागद मी घरून आणलाय.”

डोरीनने फोन ठेवला. मला वाटलं, आता हिला रडू येईल. ती नुसती म्हणाली, “ऑर्विल, मला वाटायचं वरती कोणीतरी मोठं माणूस असतं.” मला त्या क्षणी जेवढी भीती वाटली तेवढी पुढे शुक्रवारीही वाटली नाही.

शुक्रवारी नगराध्यक्ष टायर आणायला शेजारच्या जिल्ह्यात गेले. टायर त्यांना बरोबर त्याच दिवशी हवे होते. मी अकरापासून ऑफिसात लोखंडी चावी मांडीवर घेऊन बसलो. आमचं ऑफिस टाकीच्या पायथ्याशीच. तुरुंगाच्या लाइनीचा व्हॉल्व्ह मागच्या दारी, दाब दाखवणारा काटा भिंतीवर. बाहेर मकासुद्धा हलत नव्हता एवढं ऊन.

मी म्हणालो, “माझ्या खिशात पाच आहेत.”

“आपण नोकर. नोकराने कोणाच्याही खात्यावर भरायचे नाहीत. तेही ठरावात आहे.”

“मग तोडायच्या कागदावर सही करू नकोस. मी चावी विहिरीत टाकतो.”

“आणि आजवर ज्यांचं पाणी तोडलं त्यांना काय सांगू? की तुम्ही लहान होतात म्हणून?” मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. “माझी पोर आत आहे रे. काय करू मी?”

तिने सही केली असती तर मी चावी फिरवली असती का? हे लिहितानाही मला माहीत नाही, आणि मला स्वतःची लाज वाटते.

बाराला दहा कमी होते. दार उघडलं आणि कुबडीचा आवाज आला. ऑपलमावशी. डोरीनने सवयीने तिचं खातं काढलं.

“तुमचं बिल भरलेलं आहे, मावशी. काही बाकी नाही.”

मावशीने पाचची नोट खिडकीत ठेवली. बारा वर्षांत ती पहिल्यांदा बोलली.

“माझ्या नाही. तुरुंगाच्या खात्यावर.”

डोरीन नोटेकडे बघत राहिली. “तुम्ही...”

“माझा नातू आहे आत. चोर आहे मेला, पण तहान चोरालाही लागते. तुझी पोरगी गजांच्या या बाजूला, माझा त्या बाजूला. घे.”

डोरीनचे ओठ हलले. काय म्हणणार ते मला कळलं, कारण ते वाक्य मी आयुष्यभर ऐकलं होतं. खातेदार कुठे आहे?

मावशीलाही कळलं. तिने कुबडी उचलली आणि टोकाने कॅलेंडर बाजूला केलं. “खातेदारानेच आणायचे, हे यात कुठे आहे ते दाखव मला. मी बारा वर्षं शोधतेय.”

घड्याळात सहा मिनिटं उरली होती. डोरीनला ती नोट घ्यायची तर मेबलची नोट परत केली ती चूक होती, हे आमच्या देखत कबूल करायचं होतं. नाही घ्यायची तर मागच्या दारी व्हॉल्व्ह होता. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. मी मनात म्हणत होतो, घे गं बाई, घे.

“यात नाही,” डोरीन म्हणाली. “ते मी घातलेलं होतं.”

तिने पावतीपुस्तक ओढलं. पेन दोनदा निसटलं. “कोणाकडून म्हणून लिहू?”

“माझं पूर्ण नाव लिही. उद्या राज्याने हात वर केले तर मी धनको आहे म्हणावं. रांगेत उभी राहीन.”

पावती फाडली आणि भोंगा वाजला. आम्ही तिघं जागच्या जागी उभे. भोंगा थांबला, आणि मी पाहिलं तर भिंतीवरचा काटा खाली यायला लागला. साठ, पन्नास, चाळीस. डोरीन किंचाळली, “ऑर्विल! तू बंद केलास?”

“मी इथेच आहे!”

तीस. लाइन फुटली असं वाटलं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भोंगा तुरुंगातही ऐकू जातो.

“नळ सोडून बघतायत,” मी म्हणालो. “सगळे. एकदम. पाणी येतंय का ते.”

आम्ही काट्याकडे बघत राहिलो. दीड हजार माणसं नळाखाली हात धरून उभी होती, आणि त्यांच्यामागे आमची साठ पोरं. तीसवर काटा अडला. कितीतरी वेळाने पस्तीस झाला. मग चाळीस. म्हणजे आत एकेक जण नळ बंद करत होता.

डोरीन खुर्चीत बसली आणि तोंड झाकून रडली. “मेबलकडून घ्यायला हवे होते मी त्या दिवशी.”

“हवे होते,” ऑपलमावशी म्हणाली. तिने पावतीची घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि कुबडी टेकत दारापर्यंत गेली. “पुढच्या महिन्याचं माझ्यावर धरू नकोस. माझ्याकडे नाहीत.”

दार बंद झालं. डोरीनने डोळे पुसले, कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, ऑगस्टचं पान उघडलं आणि तीस दिवस बोटाने मोजले.

“ऑर्विल,” ती म्हणाली, “आत अजून कोणाकोणाचं कोण आहे, तुला माहीत आहे का रे?”