शेवटच्या दहा मिनिटांतले गोल

त्या वर्षी आमची फुटबॉलची टीम इतक्या मॅच हरली की पुढे पुढे कारखान्याच्या गेटवर स्कोअर विचारायचंही लोकांनी सोडून दिलं. आदल्या वर्षी आम्ही ढालीच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचलो होतो. माणसं तीच, मैदान तेच, कॅप्टनही तोच. बदलला होता तो फक्त गोलकीपर. जुन्याची जबलपूरला बदली झाली आणि त्याच्या जागी फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या कॅम्पातला एक सिंधी तरुण आला.

मी स्वतः कधी खेळलो नाही. लहानपणी चिंचेवरून पडलो तेव्हापासून डावा पाय आखूड. कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून होतो आणि अंबरनाथला बुवापाड्याच्या बाजूला चाळीत बिऱ्हाड होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, पण मॅच असली की पाचच्या भोंग्यानंतर माझे पाय घराकडे वळायचे नाहीत. बाकीचे लोक मैदानाच्या कडेने उभे राहत. मी छत्री घेऊन आमच्या गोलच्या मागे उभा राही. हाफटाइमला गोलकीपर बाजू बदलायचा, तसा मीही लंगडत दुसऱ्या टोकाला जायचो.

त्यामुळे त्या नव्या गोलकीपरची पाठ मी जितकी पाहिली तितकी दुसऱ्या कुणी पाहिली नसेल. उंच, हडकुळा, हाताचे पंजे मोठे. आमची पोरं अनवाणी खेळायची, याच्या पायात बूट. कराचीहून येताना घर सोडलं, दुकान सोडलं, पण बूट आणले, असं तो म्हणायचा. माझ्या शेजारच्या खोलीत टूलरूममधला एक टर्नर राहायचा, साताऱ्याकडचा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. माझ्याबरोबर प्रत्येक मॅचला यायचा. बुटांचं ऐकून तो म्हणाला, "सगळं सोडून आलेला माणूस बूट कशाला आणेल? काहीतरी गोम आहे."

मला तेव्हा ते पटलं नाही. पहिल्या तीन मॅच बघितल्यावर पटायला लागलं.

झालं असं की प्रत्येक मॅचमध्ये हा गडी पाऊण तास डोळ्यांचं पारणं फिटेल असा खेळायचा. कोपऱ्यात जाणारा बॉल चित्त्यासारखा झेप घेऊन काढायचा. आणि शेवटची दहा मिनिटं आली की याला काय व्हायचं कोण जाणे. साधा, शाळेतल्या मुलाने अडवावा असा बॉल याच्या खांद्यावरून आत. एकदा तर बॉल उजवीकडून आला आणि हा डावीकडे वाकला. तीन मॅच, तिन्ही गेल्या शेवटच्या दहा मिनिटांत.

टर्नर म्हणाला, "विकणारा माणूस असाच विकतो. पहिल्यापासून गोल खाल्ले तर कळेल ना. आधी टाळ्या घ्यायच्या आणि मग शेवटी हळूच दार उघडं ठेवायचं."

मग मी बॉल सोडून गोलकीपरकडेच बघायला लागलो. बघायला लागलं की दिसतंच. शेवटच्या दहा मिनिटांत तो सारखा मागे येऊन एका खांबाला हात लावायचा, मग दुसऱ्या खांबाला. कधी दोनदा थापटायचा. मी टर्नरला सांगितलं, त्याने मान डोलावली. "खूण असणार. आता मारा, असं."

दुसरी गोष्ट म्हणजे ती बाई. मॅच संपायच्या सुमारास डोक्यावरून ओढणी घेतलेली एक म्हातारी मैदानाच्या टोकाला येऊन उभी राहायची. खेळ संपला की हा कोणाशी बोलायचा नाही, चहाला थांबायचा नाही, थेट तिच्याकडे. ती त्याचा दंड धरायची आणि दोघं कॅम्पाच्या वाटेला लागायची. त्याची आई होती हे आम्हाला माहीत होतं. पण बावीस-तेवीस वर्षांच्या बाप्याला न्यायला आई कशाला येते? पोरं हसायची. मला हसू येत नव्हतं. मला वाटायचं, मॅचनंतर कोणी त्याला गाठून दोन प्रश्न विचारू नयेत म्हणून ही व्यवस्था आहे.

मग बदलापूरची मॅच आली. बदलापूरकडून हरणं म्हणजे आमच्याकडे नाक कापल्यासारखं होतं. ती शेतकऱ्यांची पोरं. भातलावणी उरकून खेळायला यायची, पोटऱ्यांना चिखल तसाच. त्यांचा कर्ताधर्ता एक म्हातारा होता, धोतर, कानात बिगबाळी. तो एरवी कॅम्पाच्या बाजारात भाजी विकायचा. मॅचच्या आधी मी पाणी प्यायला नळावर गेलो, तर पलीकडे वडाच्या आडोशाला हा म्हातारा आणि आमचा गोलकीपर. म्हाताऱ्याने धोतराच्या सोग्याखालून फडक्यात बांधलेलं पुडकं काढलं आणि त्याच्या हातात दिलं. त्याने इकडेतिकडे बघून ते पिशवीत टाकलं आणि वाकून म्हाताऱ्याच्या पायाला हात लावला.

त्या दिवशी आभाळ भरून आलेलं होतं. साडेसहालाच अंधारून आलं, आणि बदलापूरच्या पोरांनी शेवटी लांबून उंच उंच बॉल मारायला सुरुवात केली. तीन गोल झाले. तिसऱ्याला तर तो जागचा हललाही नाही.

मी घरी आलो, जेवलो नाही. बायकोने विचारलं, "कोणी गेलं का?" दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ऑफिसातला कोरा कागद घेतला आणि क्लबच्या सेक्रेटरींना पत्र लिहिलं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने. खांबाच्या खुणा, पुडकं, म्हातारी, सगळं लिहिलं. खाली सही केली, 'एक हितचिंतक'. सेक्रेटरी म्हणजे आमच्या कारखान्यातले एक ऑफिसर. कोणी नसताना त्यांच्या टेबलावर पत्र ठेवलं. टर्नरलाही सांगितलं नाही.

पुढच्या मॅचला गोलकीपर बदललेला होता. सिंधी गडी कडेला एकटाच उभा. आम्ही पाच गोलांनी हरलो. टर्नर म्हणाला, "म्हणजे आणखी कोणीतरी सामील आहे."

दिवाळी तोंडावर आली तेव्हा बायकोच्या पोलक्याचं कापड घ्यायला मी कॅम्पात गेलो. तिथे स्वस्त आणि भरपूर मिळायचं. परतताना दिवेलागण झाली होती. बराकींच्या मधल्या बोळातून येत होतो, तर समोरून तोच. एक हात भिंतीवरून घासत, पाय चाचपडत टाकत. वाटेत कोणीतरी खाट टाकली होती, तिला धडकला, पडता पडता वाचला. दारूबंदीचे दिवस. मला आनंदच झाला असं म्हटलं तर खोटं होणार नाही. वाटलं, पुडक्याचं उत्तर मिळालं. हा पितो.

मी त्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो, वास येतो का बघायला. हातभर अंतर असेल. त्याची नजर माझ्या चेहऱ्यावर होती, सरळ.

"कौन है?" तो म्हणाला.

त्याने हात पुढे केला, तो माझ्या छत्रीला लागला. "कौन है भाई? बोलो तो सही."

तेव्हा कळलं. वास कसलाच नव्हता. त्याला दिसतच नव्हतं.

मी नाव सांगितलं, टाइम ऑफिसातला म्हणून. त्याने आवाज ओळखला. "गोल के पीछे खडे रहते हो, वो?" म्हणाला. मी त्याला हाताला धरून त्याच्या बराकीपर्यंत नेलं. मोठ्या खोलीत गोणपाटाचे पडदे लावून चार कुटुंबं राहत होती. म्हातारी दारातच भेटली. मला बघून घाबरली. कारखान्यातून आलो म्हटल्यावर आणखीच घाबरली. हात जोडून म्हणाली, "बेटा, किसी को बोलना नहीं. दिन में सब दिखता है इसको. सूरज गया तो बस, कुछ नहीं."

तो खाटेच्या कडेला बसला आणि त्याने मोडक्या मराठीत सगळं सांगितलं. उन्हाळ्यापासून सुरू झालं होतं. अंधार पडला की डोळ्यांपुढे काळा पडदा. नोकरी मिळाली होती ती खेळावर, तीही तात्पुरती. डोळ्यांचं कारखान्याच्या डॉक्टरला कळलं असतं तर नोकरी गेली असती. म्हणून खांबाला हात लावून आपण कुठे उभे आहोत ते बघायचा. म्हणून आई घ्यायला यायची.

"आणि ते पुडकं?" मी विचारलं. तोंडातून गेलंच.

"कसलं?"

"बदलापूरच्या म्हाताऱ्याने दिलं ते."

म्हातारीने उठून चुलीजवळचं पातेलं आणून दाखवलं. शेवग्याच्या पाल्याची भाजी होती. त्या म्हाताऱ्या भाजीवाल्याने बाजारात एकदा तिच्या मुलाला संध्याकाळी ठेचकाळताना पाहिलं होतं. स्वतःच्या लहानपणी दुष्काळात म्हाताऱ्यालाही रातांधळेपणा आला होता म्हणे. "हा पाला रोज खा, आणि बकऱ्याचं काळीज मिळेल तेव्हा," असं त्याने सांगितलं होतं आणि येईल तेव्हा पाला आणून द्यायचा.

मी ऐकत होतो आणि मनात दुसरंच येत होतं. म्हणजे मॅचच्या आधीपासून त्या म्हाताऱ्याला माहीत होतं. आणि त्याच्याच पोरांनी अंधार पडल्यावर उंच बॉल मारले. मी तसं बोलून दाखवलं.

"मारले असतील," गोलकीपर म्हणाला. "मॅच होती. पण पाला पण त्यानेच दिला ना."

त्या म्हाताऱ्याचं मला आजही पूर्ण उलगडलेलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या, एवढंच म्हणता येतं.

पत्राचं मी त्या दोघांना सांगू शकलो नाही. तिने चहा दिला, तो घेतला आणि निघालो. वाटेत कापडाची पुडी बराकीतच विसरल्याचं लक्षात आलं, पण मागे जायचा धीर झाला नाही.

सोमवारी सेक्रेटरींच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, "साहेब, गोलकीपरविरुद्ध एक निनावी पत्र आलं असेल. ते मी लिहिलं होतं. ते खोटं आहे." आणि डोळ्यांचं सांगितलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, चष्मा काढून पुसला. मग टेबलाचा खण ओढला. "एक? इथे सात आहेत," ते म्हणाले. "तुमचं कोणतं?"

त्यांनी पत्रं टेबलावर मांडली. माझं मी ओळखलं. डाव्या हाताची ती वाकडी अक्षरं बघून मलाच लाज वाटली. बाकीची त्यांनी वाचू दिली. दोघांना कॅप्टनचा संशय होता. एकाने लिहिलं होतं की सेक्रेटरी स्वतःच टीम बुडवत आहेत, आणि ते पत्रही त्यांनी जपून ठेवलं होतं. आणि एकात होतं, 'टाइम ऑफिसातला लंगडा कारकून खेळाच्या वेळी गोलमागे उभा राहून छत्रीने विरुद्ध पार्टीला इशारे करतो. त्याची चौकशी व्हावी.'

ते अक्षर मला चांगलं माहीत होतं. त्याचा 'ळ' दोरीच्या गाठीसारखा असायचा. टर्नरचे रजेचे अर्ज वर्षानुवर्षं मीच नोंदवत होतो.

"साहेब, हे कधी आलं?" मी विचारलं.

"पहिल्या मॅचनंतरच. सगळ्यात पहिलं हेच." पत्रं गोळा करून त्यांनी परत खणात टाकली. "मी त्याला पत्रांमुळे काढला नाही. गोल खात होता म्हणून काढला. डोळ्यांचं तुम्ही मला सांगितलं नाही, मी ऐकलं नाही. दवाखान्यातल्या कंपाउंडरला सांगतो, माशाचं तेल द्यायला. कागदावर काही येणार नाही."

त्यांनी शब्द पाळला. मोसमातली शेवटची मॅच त्यांनी मुद्दाम रविवारी सकाळी ठेवून घेतली आणि गोलमध्ये पुन्हा त्यालाच उभं केलं. स्वच्छ ऊन होतं. तो फार सुरेख खेळला. आणि शेवटाला आमच्याच बॅकच्या पाठीला लागून बॉल दिशा बदलून आत गेला. एका गोलाने हरलो.

टर्नर माझ्या शेजारी उभा होता. म्हणाला, "बघ. उजेडातही खाल्लाच की नाही?"

मी त्याला डोळ्यांचं सांगितलं नाही. गुपित दुसऱ्याचं होतं हे एक कारण. दुसरं म्हणजे त्याच्याशी बोलताना मी आता प्रत्येक शब्द तोलून बोलायला लागलो होतो.

गोलकीपरचे डोळे हिवाळ्याअखेर सुधारले. नोकरीही टिकली. आणखी दोन मोसम तो आमच्याकडून खेळला, मग मामाच्या दुकानात बसायला लागला. आईने माझी कापडाची पुडी त्याच्या हाती ऑफिसात पाठवून दिली होती, वर लोणच्याची छोटी बाटली. पत्राबद्दल त्याला कळलं की नाही, मला ठाऊक नाही. तो माझ्याशी शेवटपर्यंत चांगला वागला, आणि तेवढ्यावरून मी काही ठरवू शकत नाही.

टर्नर आणि मी भिंतीला भिंत लावून पुढे सहा वर्षं राहिलो. त्याच्या मुलीच्या बारशाला मी होतो, माझा मुलगा आजारी पडला तेव्हा डॉक्टरला आणायला तोच धावला. पत्राचा विषय मी काढला नाही. मग त्याने बदलापूरला जागा घेतली. सामान बैलगाडीत चढवायला मी गेलो होतो. ट्रंक वर ठेवून आम्ही दम घेत होतो, तेव्हा तो सहज विचारल्यासारखं म्हणाला, "त्या सिंध्याविरुद्ध साहेबांना पत्र तूच लिहिलं होतंस ना?"

"हो," मी म्हणालो.

"मला वाटलंच होतं."

मी थांबलो. वाटलं, आता तो स्वतःचं सांगेल. त्याने ट्रंकेवरून दोरी टाकली, दुसरं टोक माझ्याकडे फेकलं आणि म्हणाला, "जरा ओढून धर. वाटेत खड्डे फार आहेत."

मी ओढून धरली.