बाईंचे हलके बूट

बूट कुणाचाही असो, बाई तो आधी दोन्ही हातांत धरून ओल्या टॉवेलासारखा पिळायच्या. सहज पिळला गेला, तर म्हणायच्या, "पिळला की संपलं. ह्यो खेळायचा न्हाय."

टिळकवाडीतल्या आमच्या शाळेत त्या खेळ शिकवायच्या, मी गणित. ज्याच्या होकाराशिवाय खरेदी पुरी होत नाही असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आमच्याकडे त्या बाई. बास्केटबॉलच्या पोरीच काय, आसपासचे वकीलही नवे बूट घेतले की खोक्यासकट स्टाफरूममध्ये हजर. माझेही पिळले होते. "सर, फळ्यापर्यंत जायाला चालतील," असा निकाल मिळाला. मी मुकाट्याने खोकं बंद केलं.

त्यांच्या स्वतःच्या पायात मात्र घोटा झाकणारे, जाड तळाचे, पांढरे-लाल बास्केटबॉलचे बूट. पंजाबी ड्रेसखाली ते विचित्र दिसायचे, पण हसायची कुणाची छाती नव्हती.

एकदा खानापूरकडची एक मुलगी पहिल्यांदाच शाळेच्या संघात आली. सामन्याच्या सकाळी तिचे वडील हौसेनं नवे बूट घेऊन आले. थेट बाईंच्या बुटांसारखे, तेच पट्टे, तोच रंग. फक्त ही त्या जुन्या बुटाची हलकी, फिरायला घालायची तऱ्हा होती. तळ पातळ, घोटा उघडा. बाईंनी पिळला आणि तो आरामात पिळला गेला.

मुलगी उंच उडायची. त्या बुटात पाय वाकडा पडला असता तर घोटा गेलाच म्हणायचा. पण वडील इतक्या आशेनं बघत होते, की बाईंनी नेहमीचा निकाल दिलाच नाही. मग एकदम म्हणाल्या, "अण्णा, बूट लई भारी आणलासा. मलाच पायजेत. माझं घिऊन ही मला देतासा काय? माप एकच हाय आमचं."

"जुनं घिऊन नवं?" अण्णा हसले. "घ्या की बाई! तुमास्नी न्हाय म्हणू व्हय?"

सामना आम्ही हरलो. पोरगी मात्र चार वेळा आपटली आणि चारही वेळा उठून पळाली.

त्यानंतर बाई त्या हलक्या बुटांतच मैदानावर यायच्या. मी एकदा छेडलं, "बाई, हे खेळायचे नव्हेत ना?"

"चालायला झकास हाईत, सर. पायात हाईत का न्हाईत कळत न्हाय." मग वाकून नाडी आवळत म्हणाल्या, "गुडघा दोन वर्सामागंच संपलाय माझा. डॉक्टरनी उडी बंद केलीया. ती जुनी बूट घातली की वाटायचं, अजून एक उडी हाय आपल्यात. दिली पोरीला."

इतका अभिमान मला दुसऱ्या कुठल्याच सहकाऱ्याचा वाटलेला नाही.

गेल्या वर्षी बाई निवृत्त होऊन सदलग्याला बहिणीकडे राहायला गेल्या. निरोपाच्या दिवशी हार-नारळ पिशवीत टाकून त्या मैदानात रिंगेखाली थांबल्या. चेंडू घेतला आणि टाचासुद्धा न उचलता फेकला. आत गेला. पोरींनी टाळ्या पिटल्या. बाईंनी पिशवी उचलली आणि सावकाश फाटकाकडे चालू लागल्या.