काकूंच्या क्लासची ऑनलाइन परीक्षा

गेल्या रविवारी सकाळी चहा घेता घेता लॅपटॉप उघडला आणि बघतो तर काय... बायकोच्या शिलाई क्लासच्या सगळ्या मुली नापास. महादेवीला तर शून्य. तिच्या हातचे ब्लाऊज आमच्या जुळे सोलापुरातल्या कितीतरी बायका घालतात.

मी इथं फारसं लिहीत नाही, पण हे लिहावंसं वाटलं. थोडं मागचं सांगतो.

सुनंदा गेली त्याला आता वर्ष होत आलं. आमच्या हॉलमध्ये तिचा ब्लाऊज शिवायचा क्लास चालायचा. मुली तिला काकू म्हणायच्या, त्यामुळे मी आपोआप काका. ती गेली तेव्हा एक बॅच अर्धवट राहिली आणि मशिनी झाकून ठेवल्या, त्या तशाच.

मुलगा पुण्याहून आला की म्हणतो, बाबा, मशिनी एखाद्या बचत गटाला देऊन टाकू, हॉल मोकळा होईल. त्याचंही चुकत नाही. झाकलेल्या मशिनींमधून वाट काढत राहणं त्याला बघवत नसेल.

महादेवी ही सुनंदाची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी, मंद्रूपची. ती म्हणाली, क्लास मी चालवते, शिवून दाखवते, पण काकूंसारखं समजावून सांगायला मला जमायचं नाही. आता मी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कंपनीत ट्रेनिंगचं बघतो. कामगारांसाठी ऑनलाइन कोर्स बनवणं हेच माझं काम, आणि हल्ली त्यात एआयची मदत घेतोच. म्हटलं, समजावण्याचा भाग मोबाइलवर देऊ, हात महादेवी बसवेल.

जमलं तर क्लास पुन्हा चालू होईल, नाही जमलं तर मशिनी बचत गटाला. मुलाला तसं सांगूनही टाकलं.

सुनंदाचे पेपर कटिंगचे नमुने आणि मापांचे तक्ते यांचे फोटो एआयला दिले. एका संध्याकाळी सगळे धडे तयार, प्रत्येक धड्याखाली छोटी टेस्ट. काम चोख होतं... फक्त कुणी चुकीचं उत्तर दिलं की ते म्हणायचं, 'छान प्रयत्न! चुकांमधूनच आपण शिकतो.'

मला हसू आलं. सुनंदाच्या क्लासमध्ये 'छान प्रयत्न' मी कधी ऐकलं नव्हतं. मग त्याला सांगितलं, शिक्षिका जरा रागीट आहे असं समज. तर त्यानं लिहिलं, 'कृपया अधिक लक्ष द्यावे.' त्याचा राग तेवढाच.

पण त्यानं एक प्रश्न फार चांगला विचारला. शिकणाऱ्या मुली नेमक्या कुठे चुकतात, आणि तेव्हा तुमच्या शिक्षिका काय म्हणतात?

काय म्हणायची... मी आतल्या खोलीत काम करत बसायचो आणि हॉलमधून तिचा आवाज यायचा. ऐकतोय असं मी कधी दाखवलं नाही. ती गेल्यावर तर ते आठवायचंच नाही असं ठरवून टाकलं होतं. त्या दिवशी टाइप करायला बसलो आणि थांबता येईना.

सुती अस्तर पाण्यातून न काढता कापलं की, 'काप की. पहिल्या धुण्यात ब्लाऊज गिऱ्हाइकाच्या लेकीला बसतंय.' दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या की, 'आता तिला सांग, उजवा हात घरी ठेवून लग्नाला जा.' आत जादा कापड सोडलं नाही की, 'मग पंगतीत जेवू नको म्हणूनही सांगून टाक तिला.'

एआयनं ही वाक्यं लगेच सुधारून दिली. 'ग्राहकाची गैरसोय होऊ शकते.' त्याला म्हटलं, बाबा रे, याला हात लावू नकोस. नाही लावला. गुणी आहे तसं.

कोर्स त्या अर्धवट बॅचच्या मुलींच्या आणि महादेवीच्या मोबाइलवर गेला आणि रविवारी हा निकाल. आमच्या कंपनीत एवढे लोक नापास झाले तर आम्ही कोर्स फेकून देतो. म्हटलं, नाही जमलं आपल्याला. मशिनी घेऊन जा असा मेसेज मुलाला लिहिलासुद्धा... पण पाठवायच्या आधी महादेवीला फोन लावला.

बाकीच्या मुलीही तिच्याच घरी जमल्या होत्या. प्रश्न फार अवघड झालेत का, असं विचारलं. मागून कुणीतरी हसू दाबत होतं.

महादेवी म्हणाली, "काका, बरोबर उत्तर दिलं की नुसती हिरवी खूण येती. चुकलं की काकू बोलत्यात. मग बरोबर कोण देईल, तुमीच सांगा की. सगळ्या मुद्दाम चुकायल्यात."

गार झालेला चहा मी एका घोटात संपवला.

मग म्हटलं, एकदा तरी नीट सोडवा, म्हणजे मला कळेल. कपबशी विसळून येतो तोवर सगळ्या पास. आणि वर महादेवीचा मेसेज, बरोबर उत्तरालाही काकूंचं काहीतरी टाका की. मी विचार केला, शाबासकी तर तिनं कधी कुणाला दिली नाही. फार बरं शिवलं असेल तर म्हणायची, 'हं. पुढचं घे.' तेच टाकलं.

मुलाला लिहिलेला मेसेज पुसला आणि दुसरा पाठवला... मशिनी इथंच राहतील, येताना मशीनचं तेल घेऊन ये. परवापासून महादेवी हॉलमध्ये क्लास घेतेय, आणि घरी पुन्हा बोलण्याचा आवाज आहे.

काल ऑफिसात डब्याच्या सुट्टीत मीही ती टेस्ट उघडली. प्रश्न मीच तपासलेले, उत्तरं मला पाठ. तरी सगळीच्या सगळी चुकवली... मुलींनो, हे मला सुचलं नसतं. तुमचे आभार.