नावाची चौकट रिकामी

या सदरातले अनुभव मी वाचतो ते त्यांतल्या चुका काढायला. कुत्रं रडलं आणि दुसऱ्या दिवशी आजोबा गेले, असं कुणी लिहिलं की मी म्हणतो, अहो, कुत्रं रोजच रडतं. बायको म्हणते, तुमच्या डोक्यात मेंदू नाही, बटणं आहेत. असतील. भुतंखेतं, करणी, उतारे — यातलं काही मी तेव्हा मानत नव्हतो आणि आजही मानत नाही. म्हणून तर हे लिहायला इतकी वर्षं लागली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पेणला राहायचो आणि रोह्याच्या एका केमिकल कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचो. कंपनीत ईमेल नवीन आली होती. साहेब लोक भरपूर आणि मेलचा कॉम्प्युटर एकच, त्यामुळे एकाची मेल दुसरा वाचायचा आणि मग दिवसभर तोंडं फुगलेली. शेवटी आमच्या शिर्केसाहेबांनी सांगितलं, प्रत्येकाची मेल वेगळ्या फाइलमध्ये टाक आणि फाइलला कुलूप लाव.

असल्या फाइलला पीएसटी म्हणतात. एकेक हाताने बनवायचा मला कंटाळा, म्हणून मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. स्क्रीनवर तीन चौकटी — नाव, वडिलांचं नाव, आडनाव. बटण दाबलं की त्या तिन्हींवरून फाइलचं नाव ठरायचं, फाइल तयार व्हायची, साहेब स्वतःचा पासवर्ड दोनदा टाइप करायचे आणि फाइल आपोआप मेलला जोडली जायची. पासवर्ड मी कुठेच साठवत नव्हतो. विसरलात तर तुमचं तुम्ही बघा, असं मी सगळ्यांना बजावलं होतं.

सगळ्यांच्या फाइली झाल्या... आणि एक जास्त निघाली.

तिच्यात पहिल्या नावाची जागा रिकामी होती. पुढे सुधीर, मग म्हात्रे. सुधीर म्हात्रे म्हणजे मीच. आधी वाटलं, टेस्टिंग करताना घाईत आपलंच नाव दुसऱ्या चौकटीत पडलं असेल. पण पहिली चौकट रिकामी ठेवली तर माझा प्रोग्राम पुढे सरकतच नसे. ती तपासणी मीच घातली होती. आणि माझी खरी फाइल तिथेच शेजारी होती, वडिलांच्या नावासकट.

उघडायला गेलो तर पासवर्ड मागितला. माझे नेहमीचे सगळे घालून बघितले, एकही चालला नाही. डिलीट करायला गेलो तर मेसेज — फाइल वापरात आहे. कोण वापरतंय? कॉम्प्युटर एकटा, समोर बसलेला मी. बंद करून चालू केला, तरी तेच.

बरं, रिकामी पीएसटी एका ठरावीक साइजची असते. मेल आली की वाढते. हिला मेल येणार कुठून, तिला पत्ताच नव्हता. तरी रोज सकाळी बघावं तर कालच्यापेक्षा जराशी मोठी. व्हायरस शोधला, डिस्क तपासली, प्रोग्राम ओळ न् ओळ वाचला. माझी नुसती चिडचिड व्हायची.

तेव्हा वैशाली, माझी बायको, पहिल्या बाळंतपणाला माहेरी कासूला गेली होती. संध्याकाळी परतताना मी कासूला उतरायचो, तिला भेटून पेणला जायचो. दुपारी जेवायला रोह्यात शकुताईकडे, माझ्या थोरल्या बहिणीकडे. बाळाचं नाव आत्याने ठेवायचं, त्यामुळे ताईचा रुबाब काय विचारता. नाव तिने ठरवून ठेवलं होतं आणि कुणालाच सांगत नव्हती. निदान पहिलं अक्षर सांग म्हणून मी मागे लागायचो. बारशाला त्याच्या कानात कुर्र करून सांगेन, तेव्हाच तुम्हाला कळेल, म्हणायची आणि माझ्या ताटात आणखी भात वाढायची.

मुलगा झाला. फार अशक्त होता. त्याला पेणच्या दवाखान्यात ठेवलं, श्वास नीट लागत नव्हता. डॉक्टर म्हणायचे, वाट बघू. आम्ही वाट बघत होतो. दुसरं काय करणार होतो...

एक दिवस सकाळी डॉक्टर म्हणाले, आज बरा वाटतोय. इकडे कंपनीत मेल बंद पडली होती, म्हणून मी रोह्याला गेलो. मेल चालू केली आणि सवयीने त्या फाइलकडे बघितलं. साइज कालचीच होती, वाढली नव्हती. चला, एक कटकट तरी मिटली, असं मी चक्क मनात म्हणालो. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. दवाखान्यातून सासरे बोलत होते.

ताईला घेऊन एसटीने पेणला निघालो. ती खिडकीशी बसून सारखं एकच बोलत होती.

"बारसं पण नाय झालं रं त्याचं. बिननावाचा गेला. बापाचं नाव नि आडनाव, तेवढंच घेऊन गेला."

मला त्या फाइलचं नाव आठवलं. रिकामी जागा, मग सुधीर, मग म्हात्रे. गाडी थांबवावी, ओरडावं, कुणाला तरी सांगावं असं वाटत होतं. पण सांगणार काय? आणि सांगून काय होणार होतं?

दवाखान्यात बाळ वैशालीच्या मांडीवर होतं. ताईने त्याला उचललं, छातीशी धरलं आणि त्याच्या कानाला तोंड लावलं. कुर्र एवढंच आम्हाला ऐकू आलं. बारशाला आत्या कानात नाव सांगते तेव्हा बायका हसत हसत तिच्या पाठीत धपाटे घालतात. तिथे वैशालीने हात उचलला आणि ताईच्या पाठीवर नुसता ठेवला. मग आम्ही पुरुष बाळाला घेऊन गेलो. सासरे मिठागरावर कामाला होते, खड्ड्यात घालायचं मीठ त्यांनीच आणलं होतं.

पुन्हा कामावर गेलो तेव्हा ती फाइल तिथेच होती. परत कधी वाढली नाही. डिलीट करून बघितलं, तर या वेळी 'वापरात आहे' असं आलं नाही. साधं विचारलं, नक्की काढायची का? मी नाही म्हटलं.

त्या फाइलची कॉपी अजून माझ्याकडे आहे. आज असले पासवर्ड काढून देणारे प्रोग्राम फुकट मिळतात, चहा होईपर्यंत काम होईल. मी ते वापरलेले नाहीत. कारण विचाराल तर माझ्याकडे नाही, जसं बाकी कशाचंच नाही. पण तेव्हा, महिनाभराने, न राहवून मी ताईकडे गेलो होतो. फाइलबद्दल सगळं सांगितलं आणि ते नाव मागितलं. तिने निवडायची भाजी बाजूला सारली.

"ज्याचं व्हतं त्याला सांगितलं, सुधीर," ती म्हणाली. "आता ते त्याचं हाय. माझं नाय नि तुझं पण नाय."