लसपुस्तिकेची स्वच्छ प्रत

माणसाचे कागद माणूस स्वतः सांभाळतो, हरवले तर स्वतःच निस्तरतो. कुत्रीचं तसं नसतं. तिच्या वतीनं दुसऱ्या कुणीतरी धावायचं असतं, आणि आमच्या घरात तो दुसरा कुणीतरी मी होतो. तहसील कार्यालयात हयात गेलेला माणूस. केळापूरकडे नोकरीला लागलो, दिग्रसला निवृत्त झालो, आणि मधल्या काळात माझ्या टेबलावरून गेलेल्या कागदात वरून कुणी त्रुटी काढली असं क्वचितच झालं. म्हणून मुलगी जेव्हा म्हणाली, "बाबा, कुत्रीचे कागद मीच पाहीन," तेव्हा मला रागच आला.

"तू जर्मन शीक," मी म्हणालो. "कागद माह्यावर सोड."

मुलगी नर्स आहे. जर्मनीतल्या एका दवाखान्यात तिची नोकरी पक्की झाली होती, रुजू व्हायची तारीखही ठरली होती. तिचं मागणं एकच, कुत्री सोबत हवी. कुत्री काही विलायती नव्हे. कापसाच्या जिनिंगच्या टिनाच्या शेडमागे सापडलेली, अंगाला रुई चिकटलेली, तपकिरी गावठी कुत्री. पण दोन वर्षांपूर्वी मुलगी सासरहून कायमची परत आली, तेव्हा कित्येक महिने ती आमच्याशी कामापुरतं बोलायची आणि कुत्रीशी तासन् तास. मागच्या अंगणात बसून तिला काय सांगायची, ते मला कधी ऐकू आलं नाही. बायको म्हणायची, "हे संगं असन तं पोरगी तिकडं टिकन." मलाही तसंच वाटायचं. परक्या देशात, परक्या भाषेत, एका खोलीत ती एकटी कशी राहणार? कुत्री जायलाच हवी होती.

मी नियम पाठ केले. आधी कातडीखाली चिप, मग रेबीजची लस. उलटं झालं तर सगळं बाद. लसीनंतर तीस दिवसांनी रक्त काढायचं, ते परदेशातल्या प्रयोगशाळेत पाठवायचं, आणि रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं. मग डॉक्टरांचा दाखला, मग मुंबईच्या सरकारी कचेरीचं ना-हरकत. हिशेब मांडला तर रुजू व्हायच्या तारखेआधी जेमतेम पंधरा दिवस उरत होते. तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. दुपारी आडवा झालो की पाच मिनिटांत उठायचो आणि कॅलेंडरवरचे दिवस पुन्हा मोजायचो. मोजल्यानं ते वाढणार होते थोडेच!

"किती मोजान?" बायको वैतागायची. "तुमच्यापाई कुत्री बी बेचैन झाली." ते खरं होतं. मी या खोलीतून त्या खोलीत गेलो की ती मागोमाग यायची, मी बसलो की बसायची, आणि मी उठलो की कण्हत उठायची.

चिप नागपूरला बसवली. लस दिग्रसच्याच जनावरांच्या दवाखान्यात दिली. तिथला कंपाउंडर जवळच्या तांड्यावरचा, तोंडाचा मोकळा. मी चिपचा पंधरा आकडी नंबर वाचून दाखवला तर म्हणाला, "बाबूजी, नंबरच पाह्यजे तं बैलाच्या कानाले लावतो तो पिवळा बिल्ला देऊ का ठोकून?" रांगेतले शेळ्या-गाईंवाले हसले. मला हसू आलं नाही. मी त्याला सगळे नियम ऐकवले. डॉक्टरांनी सुई दिली, आणि कंपाउंडरनं लसीच्या बाटलीवरचं स्टिकर सोलून, अंगठ्यानं दाबून कुत्रीच्या पुस्तिकेत चिकटवलं. वाकडं. शेजारी डॉक्टरांची सही, सहीवर शिक्का, शिक्क्याची शाई फुटलेली.

ती पुस्तिका माझ्या डोळ्यांत खुपायला लागली. महिन्याभरात तिच्यावर चहाच्या कपाचा गोल उमटला, कुणाचं तरी हळदीचं बोट लागलं, आणि एक दिवस खुद्द कुत्रीनंच तिचा कोपरा चावला. असला कागद जर्मनीला दाखवायचा? आमच्या कार्यालयात शिस्त होती. मळका कागद साहेबापुढे जात नसे. त्याची स्वच्छ प्रत करायची आणि कच्चा कागद फाडायचा, म्हणजे दोन प्रतींचा घोळ नको. मी नवी पुस्तिका आणली. एक रविवार बसून, पट्टीनं रेघा मारून सगळं उतरवलं. लसीचं नाव, बॅच नंबर, तारीख, चिपचे आकडे. सहीच्या जागी, नकलेवर लिहायची आमची पद्धत असते तसं, "सही/-" असं लिहिलं. अक्षर असं मोत्यासारखं उतरलं की मीच पुन्हा पुन्हा पाहिलं. जुनी पुस्तिका आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घातली. फाइल कपाटात ठेवली, किल्ली खिशात टाकली.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते उगाच नाही.

रक्ताचा अहवाल चांगला आला. तीन महिने संपले. दाखल्यासाठी आम्ही नागपूरला, चिप बसवलेल्याच दवाखान्यात गेलो. मुलगी कुत्रीला घेऊन बाहेर झाडाखाली थांबली आणि मी आत जाऊन डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ऐटीत फाइल ठेवली. त्यांनी पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"काका, हे काय आहे?"

"सही."

"कोणाची?"

"डॉक्टरांची."

"ही डॉक्टरांची सही नाही, काका. हे तुम्ही लिहिलंय. आणि लसीचं स्टिकर कुठे आहे?"

मी सांगितलं, बॅच नंबर लिहिला आहे, बरोबर लिहिला आहे, एक आकडा चुकला असेल तर दाखवा. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. लस दिल्याचा पुरावा नाही, म्हणजे रक्ताच्या अहवालाला अर्थ नाही. पुन्हा लस, पुन्हा तीस दिवस, पुन्हा तीन महिने. आणि मुलीच्या तारखेला पंधराच दिवस उरले होते.

बाहेर मुलीनं विचारलं, "झालं?"

"पुस्तिकेत स्टिकर नाही म्हणते," मी म्हणालो. "सही बी नाही."

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. पण स्टिकर गेलं कुठे, ते मी बोललो नाही. मुलीच्या हातात मी कागद कधी पडूच दिले नव्हते, जुनी पुस्तिका तिनं नीट पाहिलीच नव्हती. दवाखान्यानं ही माझ्याकडून भरून घेतली असेल, असं ती धरून चालली, आणि मी तिला चालू दिलं.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन दिग्रसच्या दवाखान्यात गेली. सुई देणारे डॉक्टर दरम्यान मुकुटबनला बदलून गेले होते. त्यांना फोन लावला तर म्हणाले, "बाबूजी, इथं बसून तिथल्या मागच्या तारखेची सही कशी करू? तुम्हीच सांगा." मी काय सांगणार? मीही जन्मभर लोकांना हेच सांगत आलो होतो. नव्या डॉक्टरांनी रजिस्टर काढलं. त्यात "श्वान, मादी, एक" एवढीच नोंद होती, चिपचा नंबर नव्हता. ती कुठलीही कुत्री असू शकत होती.

मग मुलगी कंपाउंडरवर कडाडली. "स्टिकर काहून नाही लावलं तुमी? एवढं बी काम होत नाही काय?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला पक्कं आठवत होतं, अंगठा त्याचाच होता. मी खिडकीबाहेर बांधलेल्या वासराकडे पाहत होतो.

"चुकलं असन, ताई," तो म्हणाला. "गर्दीत राह्यलं असन."

त्याच्या बापाचं सातबाऱ्याचं एक काम मी पूर्वी चकरा मारायला न लावता करून दिलं होतं. तो ते आठवून बोलला, की म्हाताऱ्याची लाज राखली, कोण जाणे. त्या वेळी मला स्वतःची किळस आली, आणि तरीही तोंड उघडलं नाही.

मुलीनं आता एकटीनं जायचं आणि कुत्रीला नवे कागद झाल्यावर मागाहून पाठवायचं, असं ठरलं. पुढचे दिवस घरात कुणाचाच पाय ठरेना. मुलगी बॅग भरायची, कुत्री उघड्या बॅगेत जाऊन बसायची, मुलगी तिला उचलून बाहेर ठेवायची. माझ्याशी ती नीट बोलत होती, उलट मलाच धीर देत होती. "तुमची काय चूक, बाबा," म्हणायची. दिवसातून दहा वेळा मी तिच्या दारापर्यंत जाऊन परत फिरायचो.

निघायच्या सकाळी बसस्टँडवर मी आणि कुत्री तिला सोडायला गेलो. बायकोनं घरीच निरोप घेतला होता. मुलगी यवतमाळच्या बसमध्ये खिडकीपाशी बसली आणि वाकून म्हणाली, "नवी सुई त्या कंपाउंडरच्या हातून नका देऊ. यवतमाळले न्या हिले. कामचुकार आहे तो."

हा शब्द आयुष्यात मला कुणी लावला नव्हता, आणि आता तो माझ्यामुळे दुसऱ्याला लागला होता. मला ते सोसवलं नाही.

"त्यानं लावलं होतं," मी म्हणालो. "मीच नवीन पुस्तिका केली. जुनी मळली होती, म्हणून जाळली."

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. ती ओरडेल असं मला वाटलं. ती हळूच म्हणाली, "मी घरी आली तवाबी तुमी असंच केलं, बाबा. साऱ्या गल्लीले सांगतलं, पोरगी कोर्स कराले आली म्हणून. मले इचारलं बी नाही. दोन वर्सं मी लोकायले त्या कोर्साचंच सांगत राह्यली. खरं बोलाले मले घरात ही कुत्रीच होती."

कंडक्टरनं घंटी मारली. "जपा तिले," ती म्हणाली, आणि बस गेली. कुत्रीनं पट्टा एवढा ओढला की माझ्या हाताला वळ उठला.

घरी जायची माझी हिंमत झाली नाही. मी तसाच कुत्रीला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेलो. रांगेतल्या सगळ्यांसमोर कंपाउंडरला म्हणालो, "स्टिकर तू लावलं होतंस. मी जाळलं. माहं चुकलं." तो ओशाळून हसला. "जाऊ द्या ना, बाबूजी," म्हणाला, आणि लसीची बाटली काढायला आत गेला. रांगेत पुढे, शेळी धरून, आमच्याच गल्लीतला एक जण उभा होता. त्यानं विचारलं, "पोरगी नाही आली आज? कोर्स झाला काय तिचा?"

"कोर्स नव्हता," मी म्हणालो. "नवऱ्याचं घर सोडून आली होती. आता जर्मनीले गेली, नोकरीवर."

"अस्सं," तो म्हणाला, आणि शेळीला पुढे रेटलं.

एवढंच. ज्या वाक्याला भिऊन मी दोन वर्षं माझ्या मुलीचं तोंड बंद ठेवलं, ते म्हणायला मला एक श्वास पुरला. ते तिच्या देखत म्हणायचं होतं, आणि तोवर तिची बस यवतमाळच्या वाटेवर दारव्ह्याच्याही पुढे गेली असेल.